न पाहिलेला गोल

आम्हा चौघांपैकी एकानेही जन्मात हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. तरी बुऱ्हाणपूरला इतवाऱ्यातल्या एका कापड दुकानाच्या ओट्यावर बसून आम्ही गावचा हॉकीसंघ चालवत होतो. दुकानाचे मालक शेठ आमचे अध्यक्ष. गादीवरून उठायचं तर त्यांना दोघांचा हात लागे, पण आमचा सेंटर फॉरवर्ड फार आळशी आहे असं त्यांचं ठाम मत होतं. दुसरा एका वकिलाचा कारकून. तिसरे एका दवाखान्यातले कंपाउंडर. खेळाडूंना ताकद कशाने येते यावर ते तासभर बोलत. आणि चौथा मी, शाळेत मराठी शिकवणारा मास्तर.

नवा मध्यप्रदेश झाला त्या सुमाराची ही गोष्ट. तोवर आमची राजधानी नागपूर. अर्ज, तक्रारी, बदल्या, सगळं तिकडे. आता एकाएकी भोपाळ झाली. इंदूर, ग्वाल्हेर, रीवा ही आम्हाला कालपर्यंत परकी गावं होती, ती आमची भावंडं झाली. भावंडांची ओळख व्हावी म्हणून वर कोणाच्या तरी डोक्यात साऱ्या राज्याची हॉकीस्पर्धा भरवायचं आलं. ओळख झाली, नाही असं नाही.

आमच्या संघात गिरणीतले कामगार होते, एक पोस्टमन होता, कॉलेजची पोरं होती. गोलकीपर म्हणजे माझ्याच शाळेतले चित्रकलेचे मास्तर. राजपुऱ्यात राहायचे. उंच, सडपातळ, बोलायला अगदी कमी. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकाच बाकावर बसायचो. त्या वर्षी संघ एकेक सामना जिंकत चक्क उपांत्य फेरीत गेला. सामना खंडव्याला, इंदूरच्या संघाशी. गावाला वेड लागलं, आणि त्या वेडाचे पुढारी आम्ही.

सामन्याच्या दिवशी आम्ही चौघं गावच्या लालबाग स्टेशनावरून पॅसेंजरने निघालो. गाडी नेपानगरला उगाच थांबून राहिली. खंडव्याला उतरलो तेव्हा सामना सुरू व्हायची वेळ झाली होती. टांगा करून सरळ मैदानावर जायचं, तर स्टेशनाबाहेर शेठना कचोरी तळताना दिसली. सामन्याच्या आधी भाषणंच फार होतात, असं त्यांनी सांगितलं, आणि ते आम्हाला सगळ्यांनाच पटलं, कारण भूक सगळ्यांनाच लागली होती. कचोरी झाली, जिलेबी झाली, मग टांगा.

मैदानाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा मध्यंतर झालं होतं. भाषणं झालीच नव्हती. फाटकाशी एक शेंगदाणेवाला उभा होता. कारकुनाने त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, इंदूरचा एक गोल झाला, बुऱ्हाणपूरच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला म्हणतात. म्हणतात, असंच तो म्हणाला होता. त्याने तरी कुठे पाहिला होता, तो शेंगदाणे विकत होता.

उत्तरार्ध आम्ही पाहिला. जीव खाऊन ओरडलो. आमचे लोक झटले, पण गोल काही झाला नाही, आणि इंदूरवाल्यांचे तीन-चार सुरेख फटके आमच्या मास्तरांनी अंगावर घेऊन अडवले. हे तीन-चार फटके मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांचा उल्लेख ओट्यावर कधी झाला नाही.

परतीच्या गाडीत दोन स्टेशनं मागे पडली. मग कारकून म्हणाला की दोन पायांमधून जाऊ देणं म्हणजे हद्द झाली. कंपाउंडर म्हणाले, पाय हलले कसे नाहीत, नक्कीच काहीतरी पोटात गेलं असणार. शेठ म्हणाले की पंच उज्जैनचा होता, इंदूरवाल्यांच्या शेजारचा, त्याने आधीचा फाउल मुद्दाम दिला नाही. कोणता फाउल, असं मी विचारलं नाही. आमचं गाव येईतो त्या गोलाचे चार साक्षीदार तयार झाले होते. चेंडू कुठून आला, मास्तर कुठे बघत होते, पंचाने मान कशी वळवली, सगळं.

दुसऱ्या दिवशी इतवाऱ्यात आम्हाला ऐकायला गर्दी. शेठनी तर गादीवर उभं राहून मास्तरांचे फाकलेले पाय करून दाखवले. उभं करायला दोघं होतेच. आठवड्यात ते पाय गावभर झाले. मास्तर सायकलवरून निघाले की नाक्यावरची माणसं पाय फाकवून उभी राहायची. त्यांची बायको भाजीला गेली तर भाजीवाली हसून म्हणाली, बाई, पिशवी नीट धरा, मधून निसटेल. तिने बाजाराला जाणं सोडलं. शाळेत एकाने फळ्यावर दोन पाय आणि मधे एक चेंडू काढून ठेवला. मास्तरांनी वर्गात येऊन चित्राकडे पाहिलं, गुडघ्याची रेघ चुकली आहे म्हणाले, ती नीट केली आणि मग पुसलं. हे मला त्या वर्गातल्या मुलांनीच सांगितलं. माझ्या बाकावर ते पूर्वीसारखेच बसत. मी वह्या तपासण्यात फार गढलेला असे.

गाव एवढ्यावर थांबलं असतं. आम्ही थांबलो नाही. सामना पुन्हा खेळवावा असा अर्ज भोपाळला करायचं ठरलं. लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे.

"मास्तर, तुमी लिवा," शेठ म्हणाले. "असं लिवा की वाचणाऱ्याची झोप उडली पाहिजे."

मी मराठीत लिहून काढलं. मग लक्षात आलं की भोपाळला मराठी वाचणार कोण. कारकुनाने त्याची हिंदी केली, त्यात कचेरीतली अवघड उर्दू घातली, आणि शेवटी ते काय झालंय हे आम्हा दोघांनाही नीट कळेना. मजकूर दोन कलमांचा होता. एक, तो गोल झालाच नव्हता, पंचाने खोटा दिला. दोन, तो गोल गोलकीपरने मुद्दाम होऊ दिला. मी कारकुनाला म्हटलं, बाबा, ही दोन्ही एकदम खरी कशी असतील? तो म्हणाला की कोर्टात असंच लिहितात, एक नाही तर दुसरं लागू पडतं. खाली चौघांनी सह्या केल्या, आणि सह्यांच्या वर लिहिलं: प्रत्यक्षदर्शी.

आम्हाला वाटलं होतं, अर्ज कुठल्या तरी फायलीत मरेल. पण नव्या राज्यातल्या साहेबांना कामाची हौस होती. काही महिन्यांनी शाळांच्या तपासणीला एक अधिकारी आले आणि आमचा अर्जही बरोबर घेऊन आले. डाकबंगल्यावर आम्हा चौघांना आणि गोलकीपरला बोलावणं आलं. साहेब तरुण होते, चष्मेवाले, फार सभ्य. त्यांनी कोऱ्या कागदावर मैदान आखलं आणि एकेकाला आत बोलावून विचारलं की आपण कुठे उभे होतात आणि चेंडू कुठून आला, तेवढं दाखवा.

शेठनी गोलामागे डावीकडे बोट ठेवलं. कंपाउंडरनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गोल दाखवला. कारकुनाने वेळही सांगितली, सामना संपायला पाच मिनिटं असताना. साहेबांनी स्पर्धेचा कागद काढून पाहिला आणि सौम्यपणे सांगितलं की गोल तर पूर्वार्धात झाला आहे. कारकून म्हणाला, नोंदच खोटी असेल.

शेवटी मी. साहेबांनी कागद पुढे सरकवला. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते छोटं होतं.

"मी फक्त लिहिलं, साहेब," मी म्हणालो. "भाषा माझी आहे."

त्यांनी कागद परत ओढून घेतला. मग मास्तरांना बोलावलं. या वेळी दार उघडंच राहिलं, आम्ही व्हरांड्यात बसून ऐकत होतो. पंचाने काही चूक केली का, असं साहेबांनी विचारलं. आम्हा चौघांना वाटत होतं, आता तरी हा माणूस गावाची बाजू घेईल, पंचावर ढकलेल आणि सुटेल. आम्हीही सुटू.

"नाही साहेब, गोल चोख होता," मास्तर म्हणाले. "चेंडू मला दिसला. पण उशिरा दिसला."

अर्ज तिथेच निकालात निघाला. गावात संध्याकाळपर्यंत बातमी पोचली की मास्तरांनी इंदूरच्या बाजूने साक्ष दिली. आधी ते नुसते नालायक होते, आता फितूर झाले. त्यांनी संघ सोडला. पुढच्या जूनमध्ये बदली मागून जंगलातल्या डोईफोडियाच्या शाळेत गेले. तिथे जायला कोणी तयार नसे, त्यामुळे लगेच मिळाली. पुढच्या वर्षी आमच्या संघाने पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले. शेठ म्हणाले, जुना गोलकीपर काही वाईट नव्हता, पण गावाला माणसाची कदर नाही.

तीनेक वर्षांनी परीक्षेच्या कामाला मला डोईफोडियाला जावं लागलं. मास्तरांनी घरी नेलं. भिंतीवर त्यांनी काढलेली सागाच्या पानांची चित्रं होती. बायकोने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. माझ्याशी बोलली नाही. चहा पिता पिता मी धीर केला. म्हटलं, मास्तर, एक सांगायचं राहिलंय. तो गोल आम्ही कोणी पाहिलाच नव्हता.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मध्यंतरात मी पाणी पीत होतो. तुम्ही चौघं फाटकातून येताना दिसलात."

मी कप खाली ठेवला. मग साहेबांना तुम्ही का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"तुम्हाला आधी आत बोलावलं होतं ना. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

ते हे रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते बशी पुसत बोलले. नंतर आम्ही परीक्षेचं, पावसाचं, असंच काहीबाही बोललो आणि मी बस पकडली.

गावात आल्यावर सरळ ओट्यावर गेलो आणि घडलं ते तिघांना सांगितलं. कंपाउंडर आपल्या चपलांकडे बघत बसले. शेवटी शेठनी मांडी बदलली.

"म्हंजे त्याला सगळं माहीत होतं," ते म्हणाले. "मंग तवाच बोलायला काय झालं होतं? उगाच आपल्याला भोपाळपर्यंत जाऊ दिलं."

कारकुनाने मान डोलावली. त्याचंही तेच मत पडलं की या सगळ्यात चूक मास्तरांचीच.