चाळीस चाकांवरचा डाग

आमच्या कारखान्यात ट्रकच्या गिअरबॉक्सची दातेरी चाकं चकचकीत येतात आणि काळी-करडी होऊन जातात. गरम फॉस्फेटच्या टाकीत बुडवली की अंगावर बारीक खरखरीत थर चढतो. तो तेल धरून ठेवतो, म्हणून नवे दात सुरुवातीला एकमेकांना खात नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर त्या टाकीवर काम करणारे आमचे दादा तासभर बोलू शकतात. मी त्यांचा धाकटा भाऊ, शेजारीच पॅकिंगला. त्यामुळे माझी सुटका नाही.

दादांचा एकच कायदा: धुतलेल्या चाकाला उघडा हात लागता कामा नये. हाताचं तेल लागलं की तिथे थर धरत नाही. कायदा घरीही लागू. वहिनींनी धुतलेला पेला काठाला धरून आणला तरी यांच्या कपाळावर आठी. त्यांची सूनबाई आमच्याकडे तपासणीला लागली, तेव्हा हातमोज्यांवरून त्यांनी तिला इतकं छळलं की ती जेवायलाही ते घालूनच बसायची.

त्या मंगळवारी तिनेच चाळीस चाकं परत पाठवली. प्रत्येकावर अंगठ्याएवढा उजळ डाग आणि डागात आडवी रेघ.

दादांचा पारा चढला. "कोण हा शहाणा? आजच्या आज घरी बसवतो त्याला!" स्वतः घरी बसायला त्यांना दीड वर्ष उरलं होतं आणि त्या विचारानेच त्यांची झोप उडायची. त्यांनी शाईचा पॅड मागवला, अकरा जणांचे अंगठे कागदावर उठवले. साहेबांना भेटायला आलेल्या एका पाहुण्यालाही सोडलं नाही. ठसे जुळवायचं काम मात्र सूनबाईवर टाकलं. एकही जुळेना.

"बाबा, तुमचा राहिला," ती म्हणाली.

"माझा?" दादा हसले आणि तिची समजूत काढावी तसा अंगठा टेकवला. जुन्या जखमेची आडवी रेघ स्वच्छ उमटली.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण दादांचा चेहरा पाहिला आणि ते मावळलं.

सूनबाईने नापास मालाचा फॉर्म पुढे केला. चूक कोणाची, ते लिहायचं होतं. दादांनी स्वतःचं नाव लिहिलं. चौकट सोडून दोन बोटं खाली, छापलेल्या तारखेवरून.

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. "बाबा, कधीपासून नीट दिसत नाही?"

"दोन महिने झाले," दादा म्हणाले. "धुतल्यावर चाकावर पाणी सारखं पसरलंय का, म्हणजे तेल गेलंय का, ते बघायचं असतं. मी अंदाजानेच टाकीत सोडत होतो. आज भीती वाटली, म्हणून मोजा काढून, अंगठा साबणाने धुऊन चाचपून पाहिलं. धुतलेल्या अंगठ्याचाही डाग पडेल, असं वाटलंच नाही." मग आवाज उतरला. "साहेबांना सांगशील?"

"सांगावं लागेल, बाबा." तिचे डोळे भरले होते.

"मग सांग की," दादा खेकसले. "नाहीतर मी तुला शिकवलं काय?"