तालुका सरांची तिसरी-ब

तालुका सरांना काहीही विचारा, उत्तर त्यांच्या तालुक्यातूनच यायचं. चहा कसा झालाय सर? "आमच्या तालुक्यात दूध कमी गा. गुरं जंगलात चरते." किती वाजले सर? तर आधी इंग्रजांनी सागवान न्यायला जंगलातून रस्ता कसा काढला, ते ऐका. डोकं आउट!

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका शाळेत आम्ही दोघं नवीन मास्तर. मी चिपळूणचा, ते पार चंद्रपूरच्या पलीकडचे. शाळेमागे डोंगर आणि त्यावर झाडी. पोरं कौतुकानं म्हणाली, "सर, जंगल!" सरांनी चष्मा पुसून बघितलं. "हे होय? ही तर आमच्याकडची परसबाग."

स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करायचो. कानावर खडू, मान तिरकी. "उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान, हिवाळ्यात बांबू. अन् उरलेल्या वेळात उपास!" सगळे हसायचे. सर सगळ्यांत मोठ्यानं.

पण तिसरीला भूगोलात आपला जिल्हा असतो. म्हणजे मुंबई. गोदी, गिरण्या, कारखाने. ह्या माणसानं तिसरी-बला वर्षभर काय शिकवलं, तर स्वतःचा तालुका! मला कळलं तेव्हा तपासणीला चार दिवस राहिले होते. सर परमनंट होणार की घरी जाणार, ते त्या तपासणीवर होतं. गावी बायको आणि दोन मुली मुंबईला यायची वाट बघत बसलेल्या.

"सर, वाट लागेल. गोदी शिकवा, गिरण्या शिकवा!"

"शिकवतो गा. पण इथं लाकूड बाहेरून येते, तांदूळ बाहेरून, माणसंही बाहेरून. कुठून येते, ते आधी नको सांगू?"



तपासणीच्या साहेबांनी पहिल्याच बाकावरची मुलगी उभी केली. "आपल्या जिल्ह्यातले लोक काय काम करतात?"

"धान लावतात. तेंदूपत्ता तोडतात. मोहाची फुलं वेचतात."

"तुझे बाबा काय करतात?"

"विक्रोळीला कारखान्यात आहेत. त्यांना धान लावता येत नाही."

साहेब लाल. हेडबाई पांढऱ्या. मी माझा वर्ग सोडून दारातून खुणा करतोय, की सर, म्हणा ना, पोरगी गोंधळली! सर पुढे झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "शाबास. डिंक तेवढा राहिला."

सुट्टी लागायच्या आत कागद आला. नोकरी संपली.

निघायच्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन सर फाटकात उभे होते. मी जाम चिडलो. "एक वाक्य सर! पोरगी चुकली, एवढंच म्हणायचं होतं. आज घर बघत फिरला असता."

"ती चुकली नव्हती ना गा. जे शिकवलं, तेच बोलली. आठ वर्षांच्या पोरीवर दोष कसा ढकलू?"

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी शिव्या घालत रिक्षा आणायला गेलो. परत आलो तर सर फाटकाबाहेर जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते, आणि भोवती अर्धी तिसरी-ब उकिडवी बसली होती. रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. मी त्याला म्हटलं, "थांब रे जरा. तास चालू आहे."