बस्त्याला मी नव्हतो

शहागडला हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. बापजाद्यांचं काही नव्हतं. टपरी टाकली, तिचं दुकान केलं आणि त्या एका दुकानावर पाच माणसांचं घर चालवलं. चालवलं म्हणजे भाव करून चालवलं. आठवडी बाजारात मी पालं उठायच्या वेळेलाच जायचो. उरलेली वांगी परत कोण नेणार? आमच्या कपाटाच्या आरशाला कोपऱ्यात टवका आहे, पंख्याचं एक पातं वेगळ्या रंगाचं आहे. आधी ऐब शोधायचा, मग भाव बोलायचा. पोरींची फी कधी थकली नाही, ती अशी.

खरं कसब कपड्याच्या दुकानात. आपला शेवटचा भाव सांगून झाला की उठायचं, चपलेत पाय घालायचे आणि मागं न बघता दारापर्यंत जायचं. दुकानदार हाक मारतोच. थोरली लहान होती तेव्हा तिला बरोबर न्यायचो. मी चपला घातल्या की तिनं माझा शर्ट ओढायचा आणि म्हणायचं, "पप्पा, चला ना, त्या दुकानात चांगलंय." ते दुकान कोणतं, हे तिलाही ठाऊक नसायचं.

लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी एकाच दुकानात बसून घ्यायचे, तो बस्ता. भावकीत कुणाचाही बस्ता असो, शेवटचा भाव करायला मला नेणारच.

यंदा थोरलीचं ठरलं. पाव्हणे बदनापूरचे, मुलगा नोकरीवाला. बस्ता जालन्याला. आदल्या संध्याकाळी मी चांगला शर्ट खुंटीला लावला, तर बायको म्हणाली, "तुम्ही नका येऊ. दुकान बघा."

"का?"

"पाव्हण्यांसमोर ऐब काढत बसणार तुम्ही. माझ्या भावाच्या बस्त्यात दुकानदाराच्या अंगावर गेल्ते, ध्यानात हाय का?"

"भाव किती उतरवला, ते तुझ्या ध्यानात हाय का?"

"उतरवला. पण माझा भाऊ मंग वर्षभर त्या गल्लीतून गेला न्हाई."

मी थोरलीकडं बघितलं. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या ना पप्पा. एक दिवस."

ताट सरकवून मी उठलो. जेवून घ्या, असं कुणी म्हणालं नाही.

सकाळी बायको, पोरी आणि मेहुणा जीपनं गेले. मी दुकान उघडलं. एका ट्रकवाल्यानं पंक्चरचे पैसे कमी टेकवले. मी न बोलता खिशात टाकले. तो दोन पावलं जाऊन परत आला. "क्या हुआ मालक, तबियत बराबर नहीं क्या?"

दुपारी घरी जाऊन झाकून ठेवलेली भाकर खाल्ली. एरवी जेवताना गोंगाट नको म्हणून मीच ओरडतो. त्या दिवशी पंख्याचा आवाज तेवढा होता. शालूचा पदर उलटा करून कुणी बघत असेल का, हेच डोक्यात.

दिवस मावळायच्या आत जीप आली. सगळे हसतच उतरले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "पोरगी नंबरी निघाली! दुकानदार अडून बसला, तर ही उठली, चपला घातल्या अन् सरळ दारात. पळत आला की तो मागं!"

बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"पाव्हणे काय म्हणले?" मी विचारलं.

"बिलकुल खूश. व्याही म्हणले, एका पगारात घर चालवणारी पोरगी भेटली."

तिला हे कुणी शिकवलं, ते व्याह्यांनी विचारलं नव्हतं. यांनीही सांगितलेलं दिसत नव्हतं. पोरगी चहा टाकायला आत गेली होती.

बायकोनं माझ्या कपड्याची पिशवी हातात दिली. मी कापड उजेडाकडं धरलं. काठाजवळ बोटभर लांब विरळ वीण होती, ओढली तर फाटेल अशी. हा ऐब दाखवला असता, तर अख्ख्या बस्त्याचा भाव अजून खाली आला असता.

"आवडलं का?" बायकोनं विचारलं.

"चांगलंय," मी म्हणालो, आणि कापडाची घडी घालून पिशवीत परत ठेवली.