दारं धरणारे आबा

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक खोलीत आबा खुर्चीवर कधी टेकत नसत. ऊस भिजवताना दारं धरणारा माणूस बांधावर उभा राहून एका सरीचं पाणी दुसरीत सोडतो, तसे ते डेटाबेसपुढे उभे. मशीनची मेमरी एकच. दिवसा ती वजनकाट्याच्या पावत्यांना लागे, संध्याकाळी अहवालांना. आबा आकडे बदलून ती इकडची तिकडे वळवत. म्हणून गळीत हंगामभर त्यांना शेळगावला, घरी, जाता येत नसे.

मी त्यांच्या हाताखालची ऑपरेटर. नवा डिप्लोमा, नवा चष्मा, आणि अक्कल अजून खोक्यातच. आज माझी मुलं मला हसतात, तशी मी तेव्हाच्या त्या पोरीला हसते.

मग डेटाबेसची नवी आवृत्ती आली. आता मेमरीची वाटणी तो स्वतःच करणार होता.

"पण मग देतं कोण?" मी विचारलं.

"त्योच."

"आणि घेतं कोण?"

"त्योच की, बाई."

मी समजल्यासारखी मान हलवली. मला वाटलं, पुण्यात बसून कुणीतरी गुपचूप वळवत असणार. तो माणूस जेवायला उठला की पावत्या थांबतील, या धास्तीने मी दुपारी डबाच उघडत नसे.

आबांचाही विश्वास नव्हता. "पान्याला कुठं डोळं असत्यात?" एवढंच म्हणत. त्यातच ऐन हंगामात त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं. पावत्या अडल्या तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर जाणार. आणि आबा इथंच थांबले तर पोरीचं लग्न बापाविना लागणार. आम्ही त्यांना जवळजवळ ढकलूनच एसटीत बसवलं.

हळदीला फोन. "पावत्या निघत्यात का?" निघत होत्या. नवरदेव मांडवात आला तेव्हा फोन. निघत होत्या. मागे मंगलाष्टकं चालू असताना पुन्हा फोन. मी पडद्याकडे पाहिलं. कुणी हात न लावता आकडे हलत होते, अहवालांचे कमी, पावत्यांचे जास्त. मला काहीच समजत नव्हतं, म्हणून फार ठामपणे सांगितलं, "आबा, आपसूक वळतंय. तुम्ही अक्षता टाका."

पलीकडे वाजंत्री वाजू लागली. मग आबा हळूच म्हणाले, "म्हंजी माझं काम न्हाय म्हना."

मला वाटलं, रजा वाढवून मागताहेत.

गेल्या वर्षी मी शेळगावला गेले होते. आबांच्या उसाला आता ठिबक आहे, वेळ झाली की आपोआप सुरू, आपोआप बंद. तरी आबा बांधावर, खांद्यावर खोरं. कशाला उभे राहता, म्हटलं.

"चालतंय आपोआप," आबा म्हणाले. "पन चालतंय, ह्ये बघाया कुनी नगं व्हय?"

मला ते अजूनही नीट कळलेलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.