निळीच्या बाटल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा

मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात हिवाळ्यातल्या सकाळी डोंगराकडचे धुके उतरून बसते. त्यातून ऊन आत शिरले की फरशीवर निळे डाग पडतात. ते डाग निळीच्या पाण्याने भरलेल्या बाटल्यांमधून गाळून आलेल्या उजेडाचे असतात. पाण्यात नीळ कालवून बाटली दाराशी ठेवली की कुत्रा तिकडे फिरकत नाही, अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे. सुशिक्षित, निवृत्त, पासबुक महिन्याच्या महिन्याला भरून आणणारी माणसेही ती बाळगतात. तिला कोणताही आधार नाही, हे मी सोसायटीला लेखी कळवले होते. तरीही ते निळे डाग पाहिले की माझा राग क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखा होतो आणि कुत्र्यापायी गेलेल्या त्या साऱ्या दिवसांचा आवाज कमी होतो.

पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. रोज सकाळी चालायचे, नाहीतर गुडघा आखडेल आणि केलेले सगळे वाया जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून ती वॉकर घेऊन आवारात फेऱ्या घालत असे आणि मी मागे छत्री घेऊन चालत असे. एके सकाळी आम्ही तळमजल्यावर लिफ्टची वाट पाहत उभे होतो. दार उघडले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाचा कुत्रा बाहेर झेपावला. वासराएवढा कुत्रा, आणि मालकाच्या हातात लांबच लांब सुटत जाणारी दोरी. कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय वॉकरवर टाकले. पत्नी मागे कलली. मागे भिंत होती, म्हणूनच ती पडली नाही.

"काही नाही करत तो, काकू. खेळतोय," तो तरुण दोरी गुंडाळत म्हणाला.

'काही नाही करत' हे मालकाचे मत झाले, तो पुरावा नव्हे. हे वाक्य मी त्याच दिवशी टंकलिखित करून त्याच्या दारात दिले. दुसऱ्या दिवसापासून पत्नी खाली उतरेना. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि आवाराकडे असे पाही, जणू ते कुठले तरी दूरचे, पूर्वी एकदा पाहिलेले गाव आहे. खालून भुंकणे ऐकू आले की तिचा हात आपोआप गुडघ्यावर जाई. गुडघा खरोखरच आखडू लागला होता. सकाळी पलंगावरून उठताना ती ओठ दाबून धरी आणि मला कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघे.

मी सोसायटीला, महापालिकेला, पोलीस ठाण्याला पत्रे पाठवली. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा गुन्हा आहे. चावा होईपर्यंत थांबायचे असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. सोसायटीने माझ्या पत्राचे उत्तर म्हणून काय केले असेल? बाटल्या मांडल्या. फुलझाडांच्या कठड्यावर, जिन्याशी, थेट मीटरच्या खोलीपर्यंत. त्या कुत्र्याने पहिल्याच सकाळी एका बाटलीवर पाय वर केला आणि समाधानाने पुढे गेला. पत्नीने ते वरून पाहिले. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"अहो, आता बाटलीलाही पत्र लिहा," ती म्हणाली.

मग सर्वसाधारण सभा झाली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, डोंगर जांभळा होत चालला होता आणि सेक्रेटरी ठराव वाचत होते: इमारतीत यापुढे कुत्रा पाळता येणार नाही, असलेला महिनाभरात हलवावा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पहिली सही मी करणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. मी उभा राहिलो आणि हा ठराव बेकायदेशीर आहे असे सांगितले. सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही.

"काका, म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूने?" कुणीतरी मागून ओरडले. "तुमच्याच बायकोवर आला ना तो?"

"माझ्या बायकोवर आला, म्हणूनच मला तोंडदेखला ठराव नको. आखूड पट्टा हवा, मुसके हवे, लस टोचल्याचा दाखला हवा. हे तिन्ही मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. ते सोडून तुम्ही नीळ विकत आणलीत."

"वाट लागली मीटिंगची," सेक्रेटरी पुटपुटले. ठराव बारगळला.

रविवारी दुपारी तो तरुण आमच्या दारात आला, एकटाच. काका, आभार कसे मानू, अशी त्याने सुरुवात केली. आभार नकोत, मुसके आण, असे मी म्हणालो. पत्नीने मात्र त्याला आत बोलावून चहा ठेवला. ऊन खिडकीच्या गजांतून जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडले होते आणि तो त्या पट्ट्यांकडे पाहत बोलत होता. पिल्लू आणले तेव्हा तो घरून काम करायचा. आता ऑफिस गोरेगावला. सकाळी निघतो तो दिवे लागल्यावरच परततो. कुत्रा दिवसभर गॅलरीत बांधलेला.

"दिवसभर?" पत्नीने विचारले. तीही दिवसभर गॅलरीतच असे. "मग तो अंगावर येणारच रे. मीसुद्धा येईन एक दिवस, यांच्या."

तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले. मी कागद पुढे ओढला आणि अटी सांगितल्या. कुत्र्याला पहाटे आवाराबाहेर चांगले पळवून आणायचे. लिफ्टमध्ये आणि आवारात आखूड पट्टा आणि मुसके. लिफ्टचे दार उघडले की आधी माणसे, मग तो. दिवसा त्याला फिरवायला माणूस ठेवायचा आणि शिकवण द्यायची. सुटती दोरी माझ्यासमोर कचऱ्यात टाकायची. त्याने सगळे कबूल केले, आणि दोरी खरोखरच टाकली.

परंतु कागदाने भीती जात नाही. पशुवैद्यांकडे जाऊन मी माहिती घेतली आणि त्या आठवड्यात आमच्या बैठकीच्या खोलीत तालीम सुरू झाली. कुत्रा समोर आला तर पळायचे नाही, किंचाळायचे नाही. हात वर उचलायचे नाहीत, पिशवी तर मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. थोडे आडवे वळून स्थिर उभे राहायचे आणि वॉकर मध्ये ठेवायचा. तो अंगावर आलाच आणि आपण पडलो, तर अंग चोरून मान आणि चेहरा हातांनी झाकायचा. कुत्र्याची भूमिका करायला घरात मीच होतो.

"भुंका ना नीट," वॉकर धरून ती म्हणाली.

"मी भुंकणार नाही."

"मग मला भीती कशी वाटणार? पत्रात बरे भुंकता."

शेवटी मी भुंकलो. दुपारच्या झोपेतल्या त्या इमारतीत माझा आवाज विचित्र, कुणा दुसऱ्याचाच वाटला. ती आडवी वळली, नजर जमिनीकडे घेऊन शांत उभी राहिली. तिला ते सहज जमेपर्यंत मी पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरातून येत राहिलो.

ज्या सकाळी ती खाली उतरली त्या सकाळी धुके दाट होते. फाटकातून तो तरुण आत आला, शेजारी मुसके घातलेला कुत्रा, पळून दमलेला, धापा टाकत. तरुणाने पट्टा जवळ घेतला आणि तो थांबला. पत्नीही थांबली, आडवी वळली. माझा छत्रीचा हात वर गेला.

"छत्री खाली घ्या," ती मान न वळवता हळूच म्हणाली. "तो माझ्याकडे बघत नाहीये, तुमच्याकडे बघतोय."

मी छत्री खाली घेतली. कुत्रा बसला. धुक्यात आम्ही चौघे कुणीतरी काढून विसरलेल्या चित्रासारखे उभे होतो. मग पत्नीने वॉकर पुढे टाकला. बाटल्यांतून ऊन फरशीवर उतरले होते, आणि तिची पावले एकेका निळ्या डागातून सावकाश पुढे जात राहिली, कुत्र्यासमोरून, फुलझाडांच्या कठड्यापर्यंत आणि वळून परत.

बाटल्या हटवाव्यात असे पत्र मी सोसायटीला लिहून ठेवले होते. ते अजून दिलेले नाही. ती म्हणते, फेऱ्या मोजायला बऱ्या पडतात.