व्याह्यांकडे पाठ

मुलीला सोमवारी चिखल्याच्या शाळेत हजर व्हायचं होतं आणि तिच्या सासऱ्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. खाणीच्या वसाहतीतली शाळा, विज्ञानाची जागा, दोन वर्षं वाट पाहून मिळालेली. त्या रस्त्यानं मँगनीजचे ट्रक चालतात, एकट्या सुनेनं स्कूटरवर जायचं म्हणजे काय, असं काहीबाही बोलून झालं होतं. जावई चांगला आहे, पण बापापुढे त्याच्या तोंडाला कुलूप. शेवटी व्याही म्हणाले, "रविवारचा खेळ होऊ द्या, मंग सांगतो." खुशीत असले की ते कुणाला नाही म्हणत नाहीत आणि हरले की आठ दिवस घरात कुणाशी धड बोलत नाहीत, हे मुलीनं मला अनेकदा सांगितलं होतं. त्यामुळे त्या रविवारी ते जिंकावेत असं मला अगदी मनापासून वाटत होतं. नवससुद्धा बोलले होते. कुठं, ते सांगत नाही.

खेळ म्हणजे पोकर. तुमसरात पोकर कुठून आला असं कुणी विचारेल, तर मोबाईलमधून, आणखी कुठून. दिवाळीत तीन पत्ती खेळणारी आमची राइस मिलवाली मंडळी, व्याही त्यांतलेच, परदेशातले पोकरचे सामने पाहायला लागली आणि त्यांना वाटलं, आपणही असं करावं. पैसा लावायचा नाही, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या, जिंकणाऱ्याला ढाल. आणि सगळा खेळ गावातल्या केबलवाल्याच्या चॅनलवर दाखवायचा. हा केबलवाला माझा जुना विद्यार्थी. मी तीस वर्षं गणित शिकवलं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना खाटेवर पडून हेच सामने पाहिले, हे त्याला ठाऊक होतं. तो आला आणि म्हणाला, "मॅडम, टक्के तुमी काढा."

टक्के म्हणजे काय ते सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात. मग मध्ये पाच पत्ते उघडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक, आणि ते सगळ्यांचे सामाईक. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी भारी, तो जिंकला. टीव्हीवर गंमत अशी, की प्रत्येकाच्या समोर टेबलात काच बसवलेली असते, काचेखाली कॅमेरा. खेळाडू पत्ते काचेवर ठेवतो. पाहणाऱ्याला घरबसल्या सगळ्यांचे पत्ते दिसतात आणि बाजूला आकडा दिसतो, याची जिंकायची शक्यता शेकडा इतकी, त्याची इतकी. ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला मात्र काही माहीत नसतं.

हिशोब अवघड नाही. समजा तुमच्याकडे चार बदाम जमले आहेत आणि पाचवा हवा आहे. गड्डीत बदाम नऊ उरले. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर नऊला चारनं गुणा, छत्तीस टक्के. एकच बाकी असेल तर दोननं गुणा, अठरा. फार अचूक नाही, पण खाटेवर पडल्या पडल्या करता येतं.

सामन्याआधी दोन संध्याकाळी मी सगळ्या खेळाडूंना बसवून रीतभात शिकवली. आपली पाळी आल्याशिवाय बोलायचं नाही. डाव चालू असताना पत्त्यांबद्दल अक्षर काढायचं नाही, टाकून दिलेल्या पत्त्यांबद्दलसुद्धा नाही. चकत्या एकदाच पुढे करायच्या. थोड्या टाकून समोरच्याचं तोंड बघून आणखी टाकायच्या नाहीत. आपण जिंकलो हे माहीत असताना पत्ते दाबून ठेवून दुसऱ्याला तडफडवायचं नाही. आणि पाहणाऱ्यांनी, मग तो सख्खा भाऊ असो, हूं की चूं करायचं नाही. बाजारात दिवसभर ओरडून बोली लावणारी ही माणसं. त्यांना गप्प बसवणं म्हणजे काय होतं ते माझं मला माहीत.

चोरीच्या वाटाही बुजवल्या होत्या. मोबाईल दारातच पिशवीत जमा. चॅनलवरचं चित्र वीस मिनिटं उशिरानं जाणार, म्हणजे घरी पाहणाऱ्यानं कुणाला काही कळवलं तरी तो डाव केव्हाच संपलेला. खेळ मंगल कार्यालयात, आणि मी त्याच्याच मागच्या सामानाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसणार होते. तिथं सतरंज्या आणि कढया होत्या, पण पंखा होता, मला चालत होतं.

व्याह्यांना चाललं नाही. "आमची इहीन भांड्याच्या खोलीत बसन काय?" ते केबलवाल्याला म्हणाले. विहिणीचा मान म्हणजे मान. लगेच स्टेजवर खुर्ची आली, खुर्चीवर गादी आली, आणि मी टेबलाकडे तोंड करून बसले. लॅपटॉपची पाठ खेळाडूंकडे, माझं तोंडही खेळाडूंकडे. यात काही चुकतंय हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी गणिताची बाई, माझ्याही नाही.

सकाळी दहाला खेळ सुरू झाला. आठ खेळाडू. पहिल्याच तासात मागच्या रांगेतला एक जण "अरे बापरे" म्हणाला, तेव्हा मी त्याला भर सभेत उठवून बाहेर काढलं. लोक म्हणाले, मॅडम कडक आहे.

मग तो डाव आला. व्याह्यांकडे दोन राण्या. बियाण्यांच्या दुकानाचे मालक होते, त्यांच्याकडे दोन राजे. मधले पत्ते अजून उघडायचे होते. राण्यांना शेकडा अठरा, राजांना ब्याऐंशी. दोन राण्या हातात आल्यावर माणूस सोडत नाही, चकत्यांचा डोंगर लावतो आणि बुडतो. दुकानदारांनी बऱ्याच चकत्या पुढे केल्या. व्याही थोडा वेळ बसले, कान खाजवला आणि राण्या टाकून दिल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. किती संयमी माणूस आहे, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं उलटं झालं. दुकानदार बदामाच्या मागे होते, पाचवा बदाम काही आला नाही, हातात काहीच नाही. तरी त्यांनी होत्या नव्हत्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, समोरच्याला पळवून लावायला. व्याह्यांकडे नुसती छक्क्यांची जोडी. मध्ये एक्का उघडा, गुलाम उघडा. अशा जोडीवर शहाणा माणूस इतकी मोठी मागणी स्वीकारत नाही. त्यांनी स्वीकारली. दुकानदार बाहेर. जाताना ते हात जोडून म्हणाले, "कसं ओळखलं जी तुमी?" व्याही नुसते हसले.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात चॅनलवर जाणारं चित्र छोट्या चौकोनात दिसत होतं, वीस मिनिटं मागचं. त्यात तेव्हा राण्यांचा डाव चालू होता. टेबलामागे मी बसलेली दिसत होते. राजे आल्यावर माझा हात छातीवर गेला. ओठ आवळले गेले. व्याह्यांनी पत्त्यांकडे पाहिलं नाही, दुकानदारांकडेही पाहिलं नाही. मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, कान खाजवला, राण्या टाकल्या.

मग मला कळलं. शेतकरी पोत्यात हात घालून धान दाखवतो तेव्हा धानाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहणारा हा माणूस. तीस वर्षं बाजारात त्यांनी तेच केलंय. आणि मी त्यांच्यासमोर, गादीच्या खुर्चीवर, सगळ्यांचे पत्ते तोंडावर घेऊन बसले होते. नुसतं "अरे बापरे" म्हटलं म्हणून एकाला मी हाकलून दिलं होतं.

त्याच क्षणी मी उठायला हवं होतं. खेळ थांबवून सांगायला हवं होतं, की माझ्यामुळे दुकानदार खेळातून बाहेर गेले आहेत. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझे व्याही चोरून पाहतात, असं शंभर माणसांसमोर? आणि सोमवार उद्यावर आला होता. मुलगी तिसऱ्या रांगेत सासूशेजारी बसली होती, पदर नीट करत. मी स्वतःला सांगितलं, आता चेहरा सरळ ठेवू. फार झटले नाही, हे खरं. पुढचा तासभर ते जिंकत गेले, आणि मला माहीत होतं का जिंकतात ते.

दुपारी अडीचला दोघंच उरले. व्याही, आणि करडी गावाकडचा एक मासेमार. गावच्या तलावात जाळं टाकणारा, चाळिशीचा, सकाळपासून वीस शब्दही न बोललेला माणूस. गिरणीवाल्यांनी आधी त्याला हसून घेतलं होतं. माझ्याकडे तो एकदाही पाहत नव्हता. पाळी आली की बोटानं टेबलावर दोनदा टकटक, किंवा चकत्या नीट पुढे, किंवा पत्ते खाली. मी शिकवलेली रीत अक्षरशः पाळणारा तो एकटाच.

पत्ते वाटले गेले. व्याह्यांकडे एक्का आणि राजा. मासेमाराकडे चौक्यांची जोडी. मधले तीन उघडले: राजा, चौका, नव्वा. व्याह्यांची राजांची जोडी झाली, बरोबर एक्का, यापेक्षा चांगलं क्वचितच मिळतं. पण मासेमाराचे तीन चौके झाले होते. मी हिशोब केला. व्याह्यांना पुढचे दोन्ही पत्ते अगदी नेमके यावे लागणार होते. शंभरात दोनही नाही.

व्याह्यांनी चकत्या पुढे केल्या. मासेमारानं थोडं थांबून आपल्या सगळ्या पुढे सारल्या. आता व्याह्यांनी स्वीकारलं तर त्यांचंही सगळं जाणार. सोडलं तर थोडंच जाणार, आणि खेळ चालू राहणार.

व्याह्यांनी मान वर केली.

मी खाली पाहिलं असतं तरी त्यांना कळलं असतं, हसले असते तरी कळलं असतं, डोळे मिटले असते तरी. माझ्याजवळ लपवता येईल असा चेहराच नाही. तिसऱ्या रांगेतून मुलगीही माझ्याकडे पाहत होती. मासेमार टेबलाच्या हिरव्या कापडाकडे पाहत होता, दोन्ही हात मांडीवर. त्याला वाटत होतं, त्याचा सामना समोरच्या एकाच माणसाशी आहे.

मी उठले. गुडघा कळ मारून गेला. खुर्ची उचलून फिरवली, लॅपटॉप मांडीवर, अंगाआड घेतला आणि टेबलाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

पोकरच्या टेबलावर यात काही वावगं नाही. पण स्टेजवर, चारचौघांत, विहिणीनं व्याह्यांकडे पाठ फिरवायची? मागून कुजबुज उठली. विहीणबाईंचा, म्हणजे मुलीच्या सासूचा, "अगं माय" असा आवाज मी ओळखला. मग चकत्यांचा मोठा आवाज आला. त्यांनी सगळं लावलं होतं.

पडद्यावर सत्ती उघडली. मग गुलाम. शून्य टक्के असं मी टाईप केलं.

मासेमारानं क्षणाचाही वेळ न घालवता पत्ते उलटे केले, उभा राहिला आणि व्याह्यांना हात जोडले. नंतर ढाल घेताना तो म्हणाला, "मले तर वाटलं हे सोडून देतीन." बाकी काही बोलला नाही. गिरणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, उशिरा.

चहाच्या टेबलापाशी व्याही माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पाठ कायले फिरवली, इहीनबाई?"

"माझ्या तोंडावरून तुम्हाला पत्ते समजत होते," मी म्हणाले.

"ते तर सकाळपासूनच समजून राहिले होते." त्यांनी बशीत चहा ओतला. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. "मी म्हटलं, पोरीसाठी करून राहिल्या. मायनं करावं."

"मी मुद्दाम नाही केलं."

"पहिले नसन केलं," ते म्हणाले. "मंग?"

तीस वर्षं पोरांना फळ्यासमोर उभं करून मी हाच प्रश्न विचारत आले, आणि पोरं अशीच खाली मान घालून उभी राहायची.

त्यांनी चहा संपवला. "जाऊ द्या तिले सोमवारी," ते म्हणाले. "तुमी पत्ते दाखवा, मी पोरीले जाऊ देतो, अशी एकडाव मनात बोली धरली तर मी मोडत नाही. शेवटले तुमी सोडलं, पण अर्धं काम तर केलंच ना."

मला म्हणायचं होतं, अशी कुठलीही बोली नव्हती, तुमचा होकार तुमच्याजवळ ठेवा. असं म्हणायचा माझा स्वभाव आहे, आणि मी तो कधी आवरलेला नाही. पण ती नोकरी माझी नव्हती. मी मान हलवली. बियाण्यांचे दुकानदार बाहेर मोटरसायकल सुरू करत होते. त्यांच्याकडे जाऊन मी काय बोलणार होते? गेले नाही. अजूनही त्यांच्या दुकानासमोरून जाताना मी रस्त्याच्या पलीकडून जाते.

मुलगी धावत आली. सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले, तिचे डोळे भरले होते, आणि मला तिच्याइतकाच आनंद झाला, तो खोटा नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "पण आई, तू पाठ काहून फिरवली?"

"खिडकीतून डोळ्यावर ऊन येत होतं," मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. हळूहळू तिचे हात सैल झाले.