मारकुट्या नवऱ्याचं काम

गेली कितीतरी वर्षं मी टीव्हीवर बायकांना मारतो आहे. कुणाला जाळलं, कुणाला जिन्यावरून ढकललं, कुणाचं उशीनं तोंड दाबलं. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर शिफ्ट करणारा माणूस मी. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दारुड्या नवऱ्याचं काम केलं आणि तो नवरा कायमचा मानगुटीवर बसला. पहिल्याच मालिकेच्या दिग्दर्शकानं सांगितलं, भाऊ, हा चेहरा सांभाळा, ह्यावर घर चालेल. चाललं. मालिका बदलते, बायको बदलते, मी मारतोच.

लोकही मला सोडत नाहीत. चिंचवडच्या मंडईत एका भाजीवालीनं मला मेथी द्यायला साफ नकार दिला. मोशीला एका मळ्यातल्या बंगल्यात आमचं शूटिंग चालायचं, तिथं गावातली एक म्हातारी आली आणि सगळ्या युनिटसमोर माझ्या पाठीत काठी घातली. म्हणाली, "मुडद्या, त्या पोरीला का मारतूस रं? तिला कुणी न्हाई व्हय?" वळ चांगला आठवडाभर राहिला. मी मात्र खूश होतो, कारण काम लोकांपर्यंत पोचत होतं.

ह्या मारामारीतली मेख अशी की मार कुणालाच लागत नाही. हात गालापासून वीतभर लांबून जातो, समोरच्या बाईनं नेमकी मान झटकायची, आवाज मागाहून भरतात. नव्या मुलींची मान हमखास उशिरा फिरते. आपल्याला लागणार नाही हे त्यांना ठाऊक असतं ना. हात नुसता उचलल्याबरोबर डोळे मिटणं शिकवून येत नाही. माझ्याकडून मात्र फाइट मास्टरनं हात राखणं इतकं घोटून घेतलं की माझं नखही आजवर कुणाला लागलेलं नाही. ह्याचा मला भारी गर्व होता.

त्या भाऊबिजेला मी रावेतला ताईकडे गेलो. ताई माझ्यापेक्षा मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं सगळं तिनंच केलं. दाजी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वर त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. वॉचमनलाही अहो-जाहो करणारा गोड बोलणारा माणूस. मला बघितलं की एकच थट्टा, "काय, आज कुणाला मारून आलात?" मी हसायचो. मेहुण्यानं दाजींच्या थट्टेवर हसायचंच असतं.

ताईनं पाट मांडला, मी टोपी घालून बसलो. ती ताम्हण घेऊन पुढं वाकली आणि माझी टोपी कपाळावर घसरली. ती सारखी करायला मी हात वर केला. तेवढ्यानं ताईचे डोळे मिटले आणि मान गर्रकन डावीकडे फिरली. ताम्हणातली सुपारी घरंगळत गेली. ती लगेच हसली, मान आखडलीय म्हणाली. पण पदर सरकला होता, मानेवर बोटांचे डाग होते, निळे आणि कडेनं पिवळे पडलेले.

स्वयंपाकघरात जाऊन मी तिला सरळ विचारलं, दाजी मारतात का. ती चकल्या ताटलीत काढत राहिली. म्हणाली, ती नाटकं करून करून तुला सगळीकडं तेच दिसतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू ह्यात पडू नकोस. आजचा दिवस हसत जेव आणि हसत जा."

मी जेवलो. नंतर ताईनं चहा आणला, तो बशीत सांडला. दाजी माझ्याशी हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच. ताईनं हूं की चूं केलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. मी उठलो आणि सगळा जोर लावून दाजींच्या तोंडावर हात मारला.

हात वीतभर लांबून गेला. त्यांनी मान फिरवली नव्हती, ते काही नट नाहीत. नुसते बसून बघत राहिले. मी पुन्हा मारला, पुन्हा हवेत. माझाच हात माझं ऐकेना. इतका संताप, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मग दाजी उठले, पाट उचलला आणि माझ्या तोंडावर घातला. पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. दुसरा घाव कानावर बसला, मी खाली पडलो, तर बरगडीत लाथ. ह्या माणसाला मारायची सवय आहे हे प्रत्येक घावाला कळत होतं. कसा कोण जाणे, मी त्यांचा पाय ओढला, छातीवर बसलो आणि गळा धरला. तो मात्र खरा धरला. डोळे पांढरे व्हायला लागले तरी सोडला नाही.

आवाजानं दार उघडून शेजारी आत आले. त्यांना काय दिसलं असेल? रक्तानं माखलेला, टीव्हीवर बायका जाळणारा माणूस त्यांच्या सेक्रेटरीच्या छातीवर बसलेला. मला केस धरून मागं ओढलं, चपलांनी बडवलं, एकानं हात मागं पिरगाळून भिंतीशी दाबलं. दाजी खोकत खोकत म्हणाले, पिऊन आलाय, बहिणीवर हात उचलला. एका बाईनं ताईच्या मानेकडे बोट दाखवलं, बघा हो, सणाच्या दिवशी सख्ख्या बहिणीला कसं मारलंय. कुणीतरी म्हणालं, असल्यांचं खरं रूप तेच असतं.

ताई भिंतीला टेकून उभी होती. ती गप्प राहिली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. नवऱ्याची अब्रू, घर, सोसायटीतला मान. डागांना धनी आयता मिळाला होता. मला पोलीस घेऊन गेले असते आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तिला भीड पडली असती.

"ह्यानं नाही," ताई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती पुढं आली, पदर खांद्यावरून काढला, बाह्या वर केल्या आणि डाग दाखवले, दंडावरचे, कोपराजवळचे. "हा आज सकाळी आलाय. हे मागल्या आठवड्यातलं आहे. माझा नवरा मारतो."

माझा हात पिरगाळून धरणाऱ्याची पकड सैल पडली. चपला घालून एकेक जण घरी गेला. एक गृहस्थ मात्र दाजींना पाणी देत तिथंच थांबले.

ताईनं मला रिक्षात घालून चिंचवडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कापसानं तोंड पुसत होते, कुणी मारलं विचारत होते. मी घरातली भानगड बाहेर नको म्हणून धडपडलो असं सांगायला लागलो. ताईनं मला मध्येच थांबवलं.

"माझ्या नवऱ्यानं मारलंय," ती डॉक्टरांना म्हणाली. "मला रोज मारतो. ते पण लिहा."